विहाराची गळकी गच्ची : कामाच्या नोंदी (सोलापूर, एप्रिल ते सप्टेंबर २०२५)

आमचा विहार अक्कलकोट रस्त्याच्या बाजूच्या एका वस्तीत आहे. तीस बाय वीस फुटांचा एकच हॉल आणि शेजारी भंतेजींसाठी (बौद्ध भिक्खूंसाठी) लहानशी खोली. स्लॅब चाळीसेक वर्षांचा. वस्तीतली निम्मी घरं यंत्रमागावर चालतात, उरलेली विडीवर. मी कारखान्यात मागांचा फिटर आहे. बांधकामातलं मला काही कळत नाही, ते पुढं दिसेलच. अशाच स्लॅबचे, असेच गळणारे विहार शहरात बरेच आहेत. त्यांच्यापैकी कुणी काम काढलं तर निदान आमच्या चुका तरी त्यांना नव्याने करायला लागू नयेत, म्हणून लिहून ठेवतोय.

६ एप्रिल, रविवार

सकाळची वंदना झाल्यावर कुणाला उठू दिलं नाही. विषय एकच, गळती.

गेल्या वर्षावासात मूर्तीसमोर पितळी पातेलं ठेवून ग्रंथवाचन करावं लागलं. वाचणारा थांबला की टप् टप् ऐकू यायचं, आणि पोरं फिदीफिदी हसायची. त्याआधी २०२३ ला गच्चीला पांढरा वॉटरप्रूफ रंग मारला होता. २०२४ ला परत तोच रंग, फक्त दोन हात जास्त. दोन्ही मिळून १४,००० रुपये गेले. पहिले दोन पाऊस बरे गेले की आम्ही एकमेकांची पाठ थोपटायचो, आणि श्रावणात पातेलं बाहेर काढायचो.

शिडी लावून छत बघितलं. आता सगळं कोरडं आहे, पण ओलीच्या पिवळ्या कडा राहिल्यात. एकूण सहा डाग. प्रत्येकाभोवती पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी तारीख टाकली. सगळ्यात मोठा डाग मूर्तीच्या वर, पंख्याच्या हुकापाशी. पेन्सिलीची कल्पना आमच्या कोषाध्यक्ष तात्यांची. ते गिरणीत कारकून होते, तारीख टाकल्याशिवाय त्यांना घास जात नाही. तेव्हा आम्ही हसलो होतो, पण सगळ्या कामात सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट तीच आणि तिला खर्च शून्य.

एका ठेकेदाराने १,१०,००० सांगितले, पाच वर्षांच्या गॅरंटीसह. गॅरंटी लेखी देणार का विचारलं तर म्हणाला, बघू. तेव्हा काम आपणच करायचं ठरलं. गवंडी रोजावर, बिगारी एक रोजावर, बाकी श्रमदान. घरटी ५०० वर्गणी. मुदत आषाढ पौर्णिमेपर्यंत, म्हणजे १० जुलै. त्या दिवशी वर्षावास सुरू होतो आणि भंतेजी तीन महिन्यांसाठी राहायला येतात. जयंती होईपर्यंत मात्र कामाला हात लावायचा नाही, कारण १४ एप्रिलच्या आधी आमच्या वस्तीत कुणाचं लक्ष दुसऱ्या कशात राहत नाही.

२० एप्रिल, रविवार

गवंडीमामा आले. कर्नाटकातल्या इंडीकडचे आहेत, मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरतात. गच्चीवर गेले आणि हातोडीच्या दांड्याने कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटा-सिमेंटचा थर, ठोकत चालले. काही ठिकाणी खणखणीत आवाज, बऱ्याच ठिकाणी बद्द. म्हणाले, "खाली पोकळ झालंय सगळं. वर रंग मारून काय करणार? फाटक्या बनियनवर इस्त्रीचा शर्ट घातलाय तुम्ही."

पण पाणी नेमकं शिरतंय कुठून, हे त्यांनाही सांगता येईना. आमच्यापैकी प्रत्येकाकडे मात्र उत्तर तयार होतं. कुणी म्हणे कठड्याच्या सांध्यातून, कुणी म्हणे पाइपच्या तोंडातून.

मग मातीचे बांध घालून गच्चीचे चार वाफे केले, शेतात करतात तसे. एका वाफ्यात पाणी भरायचं, तीन तास थांबायचं, खाली एक माणूस मान वर करून बसलेला. उन्हाने गच्ची इतकी तापलेली की पहिला वाफा निम्मा हवेतच गेला. दोन वाफ्यांत दिवस संपला आणि खाली एक थेंब नाही. उन्हात एवढा वेळ काढायचाच नव्हता, हे काम संध्याकाळी सुरू करून रात्री बघायचं. एक रविवार वाया.

२३ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी परत. टॉवेल रंगवणाऱ्या कारखान्यातला एक पोरगा चिमूटभर निळा रंग घेऊन आला. तो चौथ्या वाफ्यात मिसळला. याच वाफ्यात पंचशील ध्वजाचा लोखंडी खांब आहे. मेन स्विच आधी बंद केला, छतात पाणी सोडताना ही गोष्ट विसरू नका.

साडेअकरापर्यंत काही नाही. निम्मे लोक घरी गेले. मी आणि तात्या खाली चटईवर आडवे, हातात बॅटरी. पावणेबाराला पंख्याच्या हुकाच्या टोकाला काहीतरी चमकलं. थेंब फुगला, लोंबला आणि मूर्तीच्या अलीकडे फरशीवर पडला. बॅटरी मारली तर निळाशार. तात्या उठून बसले. "कुठून यायलंय बे हे? खांब तर तिकडं आहे!" खांबापासून हुकापर्यंत टेपने मोजलं, नऊ फूट.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि कारण फक्त आनंद नव्हता. तो खांब २०१९ च्या जयंतीला बसवला. तळाची प्लेट चार बोल्टांवर स्लॅबलाच पक्की केली होती. ड्रिल माझ्या हातात होतं.

२७ एप्रिल, रविवार

बोल्टांचं मी सकाळीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कुणी काही बोललं नाही. एक आक्का म्हणाल्या, "आम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या की."

नुसता खांब काढून भोकं बुजवावीत, असा एक गट होता. पैसे वाचले असते. पण कोबा अर्ध्याहून जास्त पोकळ, म्हणजे वरून कुठूनही शिरलेलं पाणी कोबा आणि स्लॅबच्या मध्ये हिंडणारच. हात वर करून मोजलं आणि पूर्ण कोबा काढायचं ठरलं.

आधी ध्वज उतरवला. इथं आमचं चुकलं. वस्तीत कुणाला न सांगता उतरवला. दहा मिनिटांत गल्लीच्या तोंडाशी वीस-पंचवीस माणसं. "झेंडा का काढला? कुणी काढायला लावला?" बरं झालं ज्येष्ठ मंडळी हजर होती. समजूत घालण्यात तासभर गेला. ध्वज घडी करून भंतेजींच्या खोलीतल्या कपाटात ठेवला आणि फाटकावर पाटी लावली : गच्चीचे काम चालू आहे, ध्वज पौर्णिमेला पुन्हा चढेल. ही पाटी आदल्या दिवशी लावायची होती.

दुसरी चूक यापेक्षा वाईट. काम लवकर उरकावं म्हणून पोरांनी ८०० रुपये भाड्याने ब्रेकर मशीन आणलं. मामा अजून पोचले नव्हते. अर्धा तास घरघर चालली आणि खाली धाडकन आवाज झाला. पळत गेलो. छताच्या प्लास्टरचा ताटाएवढा पोपडा मूर्तीच्या उजव्या हाताला, जेमतेम फूटभर अंतरावर फुटून पडलेला. सगळीकडे धूळ. मूर्ती झाकलेली नव्हती, कारण काम वर आहे, खाली काय होणार, असं आम्ही धरून चाललो होतो. त्याच जागी रविवारी पोरं बसतात.

मामांनी आल्या आल्या मशीनची वायर काढली. जुन्या स्लॅबवर ब्रेकर चालवायचा नाही, छिन्नी-हातोडीनेच कोबा उचलायचा. मग मूर्तीला सतरंजी आणि वरून ताडपत्री बांधली, हॉलला कुलूप लावलं. मशीन परत केलं, भाडं पूर्ण दिवसाचं गेलं.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे माणसं भरपूर. चार दिवसांत कोबा सगळा निघाला होता. चार इंच जाडीचा, म्हणजे अंदाजे दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). फुटल्यावर फुगून तीन ब्रासच्या आसपास झाला. ट्रॅक्टरच्या तीन खेपा, ३,६०० रुपये. दोन खेपांत होईल असं धरलं होतं. ज्यांना असं काम काढायचंय त्यांनी राडारोडा दीडपट धरावा.

माणसांची साखळी केली होती. गच्चीवरून जिन्याने खाली, हातोहात घमेली. उन्हं वर यायच्या आत, सहा ते दहा. दहानंतर कुणालाही वर ठेवायचं नाही हा नियम आक्कांनी केला आणि तो त्यांनीच पाळून घेतला. दहा वाजता कडक भाकरी, झुणका, शेंगा चटणी, ताक.

श्रमदानाचं एक सांगतो. ग्रुपवर "मी येणार" म्हणून अंगठे दाखवणारे एकेचाळीस, प्रत्यक्षात आलेले सतरा. दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर विचारणं बंद केलं. तात्या आदल्या रात्री घरोघर जाऊन नाव लिहून आणायचे, वेळ टाकून. मग तीस-तीस माणसं येऊ लागली. दारात उभ्या असलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं अवघड जातं.

२ ते ८ मे

स्लॅब उघडा पडल्यावर सगळं दिसलं. खांबाच्या चार बोल्टांपैकी एक थेट पंख्याच्या वायरीच्या पाइपात घुसलेला. पाणी बोल्टाशेजारून पाइपात, पाइपातून नऊ फूट प्रवास करून हुकाच्या डबीत आणि तिथून मूर्तीच्या डोक्यावर. वर रंगाचे कितीही हात मारले असते तरी प्लेटच्या खाली ब्रश जात नव्हता.

बोल्ट काढले. भोकं साफ करून पाणी अडवणारं पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल ठासला. वायरीचा तो पाइप कायमचा बंद केला आणि पंख्याची वायर भिंतीवरून पट्टीने नेली. दिसायला बरी नाही, पण स्लॅबमध्ये नाही.

खालून जिथं पोपडा पडला तिथं सळई उघडी होती, गंजून फुगलेली. पोपडा ब्रेकरमुळे पडला खरा, पण सळई फुगल्यामुळे तो आधीच सुटलेला होता. तारेच्या ब्रशने गंज काढायला दोन दिवस लागले, माझे आणि एका कॉलेजच्या पोराचे. मान वर करून काम, डोळ्यांत गंजाचा भुगा. चष्मा घाला, मी पहिल्या दिवशी घातला नव्हता. गंज काढला, सळईला गंजरोधक लावलं, वर दुरुस्तीचा माल. सगळं मिळून ३,२००.

मग स्लॅबवर सिमेंटमध्ये मिसळायच्या पॉलिमरचे दोन हात, पहिला उभा आणि दुसरा आडवा. कठड्यावर फूटभर चढवून. कठडा आणि स्लॅब जिथं मिळतात तो काटकोन भरून गोल करून घेतला, गवंडी त्याला वाटा म्हणतात. पॉलिमरला १०,५०० गेले, सामानात सिमेंटच्या खालोखाल हाच खर्च.

१२ मे, सोमवार, बुद्ध पौर्णिमा

काम बंद. हॉल धुऊन काढला, मूर्तीची ताडपत्री सोडली. छताला निळा डाग, ठिगळं, पेन्सिलीच्या रेघा, सगळं तसंच. त्याच्याखाली त्रिशरण, पंचशील, खीरदान. बाहेरच्या वस्तीतले पाहुणे वर बघून विचारायचे, हे निळं काय? प्रत्येकाला गोष्ट सांगावी लागली. वर्गणी न दिलेल्या पाच घरांनी त्याच दिवशी दिली, तेव्हा डाग रंगवण्याची घाई आम्हीही केली नाही.

भंतेजी आले होते. मी त्यांना बोल्टांची गोष्ट सांगितली. ते हसून म्हणाले, एक गाथा आहे, नीट न शाकारलेल्या घरात जसा पाऊस शिरतो तसा अभ्यास नसलेल्या मनात विकार शिरतो. मामा खीर खात शेजारीच होते. म्हणाले, "भंतेजी, शाकारलं नीटच होतं. भोकं यांनी पाडली."

१५ ते १९ मे

विटांचा कोबा. तळाला माल, त्यावर विटांचे रोडे उभे लावायचे, फटी मालाने भरायच्या. रोडे आदल्या रात्रीपासून पाण्यात भिजत ठेवले. कोरडे लावले तर मालातलं पाणी तेच पिऊन टाकतात. सिमेंटच्या प्रत्येक पोत्याला २०० मिली वॉटरप्रूफिंगचं द्रावण, हे मोजूनच टाकायचं. पहिल्या दिवशी एक हौशी कार्यकर्ता अंदाजाने ओतत होता, त्याला मोजायला चहाचा ग्लास दिला.

आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. घरचं पुरत नाही तिथं कोब्याला कुठून देणार? टँकर मागवला, ९०० रुपये. पाणी मारल्यावर ते तासाभरात उडून जाऊ नये म्हणून वर ओलं काहीतरी पसरायला हवं. गोणपाट कमी पडलं. मग प्रत्येक घरातून जुनी, फाटकी चादर मागितली. सोलापुरात चादरींना काय तोटा? गच्चीभर चादरीच चादरी, मोर, वाघ, गुलाब, सगळं भिजून पसरलेलं. त्या पाणी धरून ठेवतात, गोणपाटापेक्षा किती तरी जास्त वेळ. सकाळी भिजवल्या तर दुपारी तीनपर्यंत ओल टिकायची.

२१ मे, बुधवार

वरचा थर काल संध्याकाळी निम्म्या गच्चीवर झाला होता. रात्री पाऊस आला, साधासुधा नव्हे, धो धो. मे महिन्यात सोलापुरात असला पाऊस पडेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ताडपत्री खाली हॉलमध्ये घडी करून ठेवलेली. वर पोचेपर्यंत मालावरचं सिमेंट धुपून पन्हाळीतून खाली अंगणात चाललेलं, करड्या पाण्याची धार. सकाळी बघितलं तर वर नुसती वाळू, बोटाने खरवडली की निघायची.

खोलीच्या आडोशाला ठेवलेली सिमेंटची चार पोतीही गेली. पोती फळ्यांवर न ठेवता जमिनीवर ठेवली होती. १,४८० रुपये पाण्यात.

मामांना फोन केला तर म्हणाले, खरवडून काढा, आभाळ निवळल्याशिवाय मी हात लावणार नाही.

२६ मे, सोमवार

मान्सून मुंबई-पुण्यात पोचला म्हणे. आपल्याकडे अजून निम्मा कोबा उघडा. माझी झोप उडाली. तात्यांनी मात्र हॉलमध्ये जाऊन शांतपणे छत बघितलं. गेले सहा दिवस पाऊस आणि उघडा कोबा, तरी पेन्सिलीच्या एकाही रेघेत ओल नाही. म्हणजे खालचं पॉलिमर आणि बुजवलेली भोकं धरून आहेत. वरचा थर धुपला नसता तर ही परीक्षा झालीच नसती. तरी अशी परीक्षा कुणी मुद्दाम घेऊ नये.

८ ते १० जून

पावसाने ओढ दिली. मामा आले, दीड दिवसात खरवडलेला भाग परत केला, उरलेला पूर्ण केला. यावेळी ताडपत्री कठड्याला बांधून तयार, संध्याकाळ झाली की दोन पोरांची पाळी. २,४०० ची ताडपत्री पहिल्याच दिवशी बांधली असती तर एक थर, चार पोती आणि अडीच आठवडे वाचले असते.

१७ ते १९ जून

आठ दिवस पाणी मारून झालं. मग पन्हाळीची तोंडं कापडाने आणि मातीने बंद करून गच्चीत पाणी साठवलं. ढाळ असल्यामुळे उंच बाजूला इंचभर, उताराला साडेतीन इंच. तीन हजार लिटरच्या वर लागलं. परत टँकर.

पातळी उतरली तर ती गळून उतरली की उन्हाने, हे कसं ओळखायचं? गच्चीवरच एक पसरट टोपलं पाणी भरून ठेवलं. टोपल्यातलं जेवढं उतरेल तेवढं उन्हाचं, त्याहून जास्त उतरलं तर आपलं. ४८ तासांनी दोन्हीकडे जवळजवळ सारखं. खाली डाग कोरडे.

पन्हाळ उघडली आणि नवी भानगड निघाली. दक्षिणेच्या कोपऱ्यात पराती एवढं पाणी तसंच साचून राहिलं. परत केलेला भाग घाईत झाला होता, तिथं ढाळ चुकला. पाण्याची नळी लावून लेव्हल बघायची, ती त्या दिवशी कुणी बघितली नाही. मामा म्हणाले, फोडायला नको, वर चायना मोझॅक येणारच आहे, त्याच्या मालात उतार काढू. आणि त्यांनी काढला.

२२ जून ते ४ जुलै

चायना मोझॅक म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे मालात बसवणं. पाणी मुरत नाही आणि ऊन परतवल्याने हॉल थंड राहतो. तुकडे एका दुकानाच्या मागच्या ढिगाऱ्यातून फुकट मिळाले, टेम्पोचे ५०० तेवढे लागले.

मामा निम्मं काम करून २ जुलैला दिंडीबरोबर पंढरपूरला गेले. एकादशी ६ ला, दरवर्षी चालत जातात, ते आधीच सांगितलेलं होतं. उरलेलं काम विडी वळणाऱ्या बायकांनी केलं. त्यांचं बसवणं मामांच्यापेक्षा सरस आहे, हे मामांनी परत आल्यावर स्वतः कबूल केलं.

पहिल्या दिवशी आम्ही पुरुष हाताला येईल तो तुकडा बसवत होतो. मोठ्याशेजारी मोठा, मध्ये ही एवढी फट. एका मावशींनी थोडा वेळ बघितलं आणि आमच्या हातातल्या पाट्या काढून घेतल्या. "पान कापायच्या आधी पानं निवडतात. तुम्ही आधी काय निवडलंत?" मग चार जणी नुसत्या निवडायला बसल्या. मोठे, मधले आणि बारीक चिपळ्या, असे तीन ढीग. बसवणाऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दोन ढीग, चिपळ्या मध्ये. डोळे बोलण्यात, हात कामात. दिवसभरात हजार विड्या वळणारी बोटं ती. त्यांची विडी कारखान्यात देऊन झाली की तीन वाजता वर यायच्या, सहापर्यंत साठ-सत्तर चौरस फूट व्हायचं. हातमोजे मात्र पहिल्या दिवसापासून द्या, आम्ही तिसऱ्या दिवशी दिले, तोवर चार जणींची बोटं कापली होती. बोट कापलं की दुसऱ्या दिवशीची विडी बुडते, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं.

पोरांना मध्यभागी निळ्या तुकड्यांचं धम्मचक्र हवं होतं. आरे आठ की चोवीस यावर दोन दिवस वाद चालला. एका मुलीने शेवटी सांगितलं की चोवीस झेंड्यावरच्या अशोकचक्राला, आपल्याला आठ. चक्र खडूने आखून झालं, तेवढ्यात एका आजोबांनी विचारलं, "आणि यावर पाय कुणाचे पडणार?" सगळे गप्प. चक्र कठड्याच्या आतल्या अंगाला, उभं, छातीच्या उंचीवर गेलं. तिथं ते जास्त छान दिसतं.

१० जुलै, गुरुवार, आषाढ पौर्णिमा

भंतेजी राहायला आले. ध्वज नव्या खांबावर चढला. खांब आता गच्चीवर नाही. अंगणात वेगळा पाया घेऊन उभा केलाय, खर्च २,६००. छत आतून रंगवलं. रंगवण्याआधी तात्यांनी सहाही डागांच्या जागा वहीत मापासकट उतरवून घेतल्या आणि रंग वाळल्यावर तिथंच परत पेन्सिलीने बारीक गोल काढले. रंगारी वैतागला.

हिशेब फळ्यावर लावला. एकूण खर्च ७३,६८०. त्यात सिमेंट ३० पोती ११,१०० (भिजलेली चार वेगळी), गवंडी नऊ दिवस ९,०००, बिगारी ५,४००, टँकर तीन २,७००. जमा : ९२ घरांपैकी ८१ घरांचे ४०,५००, जयंती मंडळाची शिल्लक ११,०००, दानपेटी ६,३००, निवृत्त झालेल्या एका बाईंचे १०,०००. एकूण ६७,८००. कमी पडलेले ५,८८० तात्यांनी खिशातून घातलेत आणि अजून आम्ही ते परत केलेले नाहीत. उरलेल्या अकरा घरांची नावं फळ्यावर लिहावीत असं काहींचं म्हणणं होतं. लिहिली नाहीत. त्यातल्या तिघांनी कोब्याच्या दिवसांत रोज घमेली वाहिली आहेत.

वर्षावासात भोजनदानाची पाळी घरोघर लागते. बारा वाजायच्या आत भंतेजींचं जेवण व्हायला हवं. ती यादी आता त्याच फळ्यावर, हिशेबाच्या शेजारी.

१७ ऑगस्ट, रविवार

ग्रंथवाचनाला पातेलं नाही. एका लहान मुलाने विचारलं, यंदा टप् टप् का नाही?

२५ सप्टेंबर, गुरुवार

सीना नदीला पूर आलाय. माढा, मोहोळकडची गावंच्या गावं पाण्यात. विहाराचा हॉल तीन दिवस भाकरीचं कोठार झालाय. प्रत्येक घरातून दहा-दहा कडक भाकरी. ती नरम भाकरीसारखी दुसऱ्या दिवशी विटत नाही, फक्त तिला ओल लागू द्यायची नाही. वर्तमानपत्रावर थप्प्या, बायका पिशव्या भरतायत, पोरं टेम्पोत चढवतायत. बाहेर सारखा पाऊस.

रात्री तात्या शिडी घेऊन आले. सहाही गोल कोरडे. पण पश्चिमेच्या तुळईपाशी, जिथं आधी कधीच डाग नव्हता, तिथं तळहाताएवढी ओल दिसली. बहुतेक कठड्याच्या बाहेरच्या प्लास्टरमधून येतेय, कारण बाहेरून आम्ही काहीच केलेलं नाही. त्यांनी पेन्सिल काढली, कडेने रेघ मारली आणि शेजारी तारीख टाकली. खालच्या भाकरीच्या थप्प्या दोन हात अलीकडे सरकवल्या.

२९ सप्टेंबर, सोमवार

ओल रेघेच्या आतच आहे. बाहेरच्या प्लास्टरचं काम दिवाळीनंतर.